राणीला कुंकू

लक्ष्मीपूजनाच्या तबकात आमच्या घरी पाच रुपये असत. चांदीचे, बंदे. चार राणीछाप आणि एक तिच्या मुलाचा, सातव्या एडवर्डचा. आजी त्याला ‘टकल्या’ म्हणायची, कारण या राजाच्या डोक्यावर मुकुट नाही आणि केसही बेताचेच. वर्षभर हे पाचही जण फडताळातल्या एका तांब्यात, जुन्या खणाच्या तुकड्यात गुंडाळून पडलेले असत. धनत्रयोदशीच्या दुपारी ते बाहेर निघत आणि घासायचं काम माझ्याकडे येई. बोटावर दंतमंजन घ्यायचं, पाण्याचा एक थेंब, आणि रुपया तळहातावर धरून गोल गोल घासत राहायचं. काळं पाणी नखांत जाऊन बसे. मग हळूहळू मुकुट वर येई, मग कान, मग गळा, मग झग्यावरची बारीक वेलबुट्टी. विहिरीच्या तळातून कुणी बाई वर येतेय, असं मला वाटायचं. थोडी भीतीही वाटायची.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पाटावर तांदळाची रास, त्यावर तबक, तबकात लाह्या-बत्तासे, धणे-गूळ आणि हे पाच रुपये. रुपयावर राणीचा चेहरा एका बाजूने कोरलेला, त्यामुळे कुंकू लावायला कपाळ असं सापडतच नाही. आजी अनामिकेने तिच्या कानशिलापाशीच हळद-कुंकवाचं बोट टेकवायची. टकल्याला नुसतं गंध. मग मांडणी. राणीचं तोंड डावीकडे आणि एडवर्डचं उजवीकडे, कारण इंग्रजांच्या नाण्यांवर नव्या राजाने आधीच्याच्या उलट दिशेला बघायचं अशी रीत होती. हे मला फार उशिरा कळलं. आजीला तर ते कधीच कुणी सांगितलं नव्हतं. ती एवढंच बघे की मायलेकरं एकमेकांकडे पाठ करून बसली आहेत. “सणाच्या दिवशी कसला रुसवा हा!” असं म्हणून ती टकल्याला उचलून राणीच्या दुसऱ्या अंगाला ठेवायची. मग दोघं समोरासमोर येत. त्या घराण्यात आई आणि थोरल्या मुलाचं फारसं पटत नसे, हे वाचलं तेव्हा मला आधी आजीच आठवली.

बाबांना हा प्रकार सोसत नसे. ते शाळामास्तर, सेवा दलात वाढलेले, बेचाळीसच्या चळवळीत बारा वर्षांचे. दर दिवाळीला एकदा तरी ते ओटीवरून बोलत, “चाफेकरांना फासावर चढवणाऱ्या बाईला आपल्या घरात कुंकू?”

“बाई कुठली? लक्ष्मी आहे ती,” आजी आतूनच म्हणे.

“लक्ष्मी कमळात बसते, आई.”

“आमची तांब्यात बसते.”

यावर बाबा गप्प होत, कारण तो तांब्या काय होता ते त्यांना ठाऊक होतं. आजीच्या लग्नात तिच्या वडिलांनी असले वीस रुपये दिले होते. आजोबा गेले तेव्हा बाबा सहा वर्षांचे. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या विसांतले पंधरा घराबाहेर पडले. कधी सोनाराकडे, कधी शाळेच्या फीला, एक तर म्हणे नुसता रत्नागिरीला जायच्या भाड्यापायी. “तुझी मॅट्रिक तिनेच केली,” आजी म्हणायची. या वाक्याला बाबांकडे उत्तर नव्हतं. आरतीला ते उभे राहत, पण त्या वेळी हात जोडलेले असत की घडी घातलेले, ते बघायचं माझं राहूनच गेलं.

नववी-दहावीत असताना इतिहासाच्या बाईंनी वर्गात सांगितलं की व्हिक्टोरिया राणीचा नवरा १८६१ साली वारला आणि त्यानंतर १९०१मध्ये डोळे मिटेपर्यंत ती काळ्या कपड्यांतच वावरली. चाळीस वर्षं. मी ते घरी येऊन आजीला सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की काहीतरी मोठं गुपित फोडते आहे. आजी तांदूळ निवडत होती. तिचं स्वतःचं कपाळ तिशीपासून कोरं. तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, “रुपयाला कसलं आलंय वैधव्य!”

पण त्या दिवाळीला तिने कोयरी माझ्यापुढे सरकवली. “तू लाव,” म्हणाली. त्यानंतर दरवर्षी मीच लावत आले.

*

आजीसाठी हा रुपया पैसा होताच, शिवाय वजनही होतं. राणीच्या रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या किंचित वर. तिच्या औषधांची मापं रुपयाभारात असत. रुपयाभार ज्येष्ठमध, अर्धा रुपयाभार सुंठ. कुणी दूरदेशीची बाई आपल्यावर राज्य करते, आपल्याकडचं धान्य-कापूस उचलून नेते, आणि इकडे कोकणातल्या एका माजघरात ती तराजूच्या पारड्यात बसून सुंठ जोखते. एखादं राज्य कुठवर पोचलं होतं, हे मला तरी नकाशापेक्षा त्या पारड्यातच जास्त दिसतं. आणि पारड्यात ठेवल्यावर ते राज्य किती मुकाट बसतं, हेही.

बाबांनी मला मुंबई पहिल्यांदा दाखवली ती दहा वर्षांची असताना. थेट गेटवेला नेलं. त्यांनी सांगितलेली गोष्ट अजून लक्षात आहे. १९११च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि मेरी राणी याच धक्क्यावर उतरले, पण तेव्हा ही कमान नव्हतीच. होता तो पुठ्ठ्याचा देखावा. खऱ्या दगडाची कमान पुरी होऊन तिचं उद्घाटन व्हायला १९२४चा डिसेंबर उजाडला. पुढे २८ फेब्रुवारी १९४८ला गोऱ्या सैन्याची शेवटची तुकडी या कमानीखालून निघाली आणि बोटीत बसली. “यायला पुठ्ठ्याचं दार आणि जायला दगडाचं,” बाबा म्हणाले आणि स्वतःच खूश झाले. मग मला वळवून त्यांनी समोरच्या बागेतला शिवाजीमहाराजांचा अश्वारूढ पुतळा दाखवला. परतताना आम्ही शेंगदाणे खाल्ले. दगडी कमान मला आवडली होती, पण आवडली असं बाबांसमोर म्हणावं की नाही, ते ठरेना.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी याच शहराची झाले. तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी. म्हणजे आता सीएसएमटी. नाव १९९६मध्ये बदललं, २०१७मध्ये त्याला ‘महाराज’ जोडलं. आमच्या डब्यातल्या बायका तिन्ही नावं वापरतात, आणि भाजीवाली मावशी अजून बोरीबंदरच म्हणते. ते तर सगळ्यांत जुनं, स्टेशनाची ही इमारत बांधण्याच्याही आधीचं, १८५३च्या त्या पहिल्या गाडीच्या वेळचं. नावं एकावर एक चढत जातात, खालची नावं पुसली जात नाहीत. आम्ही धावत असतो, त्यामुळे जे पटकन तोंडात येईल ते.

या धावण्यात एक गोष्ट बघायची राहून गेली होती. निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात एकदा रस्त्यापलीकडे, महापालिकेच्या बाजूला टॅक्सीसाठी उभी होते. समोर स्टेशन संपूर्ण दिसत होतं. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ, वर घुमट, घुमटावर हात उंचावलेली ती प्रगतीची मूर्ती. जेजे स्कूलच्या मुलांनी कोरलेले मोर, माकडं, खारी मला तोंडपाठ होत्या, कारण गाडी चुकली की तेवढाच विरंगुळा. घड्याळाच्या खाली मात्र एक कोनाडा आहे, छानशी महिरप असलेला, आणि तो रिकामा आहे. तीस वर्षं घड्याळ बघितलं, रोज, धापा टाकत. त्याच्या हातभर खाली काही नाही, हे दिसलं नव्हतं.

तिथे राणी होती. स्वातंत्र्यानंतर तिला उतरवलं. स्टेशनाला तिचं नाव दिलं ते १८८७ साली, तिच्या राज्याला पन्नास वर्षं पुरी झाली म्हणून. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा, हाताखाली रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. आपल्याकडे देवळातला देव हलवला तर रिकाम्या गाभाऱ्यालाही लोक नमस्कार करतात. इथे तसं कुणी करत नाही, पण कोनाडा बुजवावा, दुसरं काही बसवावं, असंही कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही. घड्याळ चालू आहे तोवर खालच्या भोकाशी आम्हाला कर्तव्य नाही. मला ते बरं वाटलं. का, ते सांगता येत नाही.

तिच्या मुलाची गंमत याहून वेगळी. तो युवराज असताना १८७५मध्ये मुंबईला आला, त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून यांनी त्याचा घोड्यावर बसलेला काशाचा पुतळा शहराला दिला. १८७९ साली तो उभा राहिला. लोकांनी वर बघितलं आणि त्यांना दिसला घोडा. काळा घोडा. वर कोण बसलंय याची चौकशी फारशी कुणी केली नसावी, कारण जागेला नाव पडलं ते घोड्याचं. १९६५मध्ये पुतळा हलवला, तरी नाव जागचं हललं नाही. पन्नास वर्षं तिथे ना घोडा ना स्वार, बस कंडक्टर मात्र ‘काळा घोडा उतरा’ म्हणत राहिले. २०१७मध्ये त्या जागी नवा घोडा आणून बसवला, तो स्वाराशिवायच. इतक्या वर्षांनी शहराने स्वतःला हवं तेवढंच परत मागवलं. आईचं तरी काय झालं? या शहरात ‘व्हिक्टोरिया’ म्हणजे घोडागाडी. “व्हिक्टोरिया करून जाऊ,” असं माझ्या मामेसासूबाई म्हणत. आई गाडी झाली, मुलगा घोडा झाला. आजीला हे सांगायला हवं होतं.

*

राणीचा खरा मोठा पुतळा स्टेशनावरचा नव्हे. तो होता फाउंटनजवळ, तार ऑफिसाच्या अंगाला. पांढरा संगमरवर, सिंहासनावर बसलेली राणी, डोक्यावर दगडी नक्षीचं उंच छत्र. माझं ऑफिस तिथून हाकेच्या अंतरावर. त्या कोपऱ्यावर मी तीस वर्षं वडापाव खाल्ला, पण इथे कोणी बसलेलं होतं हे माहीत नव्हतं. आम्हा मराठी माणसांना ती जागा ठाऊक ती हुतात्म्यांमुळे. १९५५च्या नोव्हेंबरात तिथे गोळीबार झाला आणि बाबांच्या आवाजात कायमची एक धार आली.

हा पुतळा लंडनच्या मॅथ्यू नोबलने घडवला. पैसे दिले बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी, पावणेदोन लाखांहून जास्त. राणीछाप रुपयांत मोजायचं तर दोन टनांवर चांदी होते. मी ते एकदा कागदावर करून बघितलं, आजीचा रुपयाभार धरून. पुतळ्याचं अनावरण झालं १८७२मध्ये. खंडेराव तोवर वारले होते. गादीवर त्यांचा भाऊ मल्हारराव. आणि तीनच वर्षांनी, १८७५मध्ये, याच राणीच्या सरकारने मल्हाररावांना गादीवरून खाली ओढलं. खंडेरावांच्या विधवेने, जमनाबाईंनी, नाशिककडच्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक घेतला. तेच पुढे सयाजीराव. त्या उलथापालथीत मुंबईतली संगमरवरी राणी आपल्या जागी बसून होती. जिने पैसे दिले त्या गादीचं काय झालं, याची तिला गंधवार्ता नसावी. दगडाला ती सवलत असते.

मग १८९६चा ऑक्टोबर. पुण्याचे दोन भाऊ, दामोदर आणि बाळकृष्ण चाफेकर, रात्री तिथे आले आणि त्यांनी राणीच्या अंगावर डांबर ओतलं, गळ्यात खेटरांची माळ घातली. सकाळी शहर जागं झालं तेव्हा पांढरी राणी काळी झालेली. पुढच्याच वर्षी २२ जूनला, राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याची रोषणाई पुण्यात गणेशखिंडीला चालू असताना, प्लेगच्या बंदोबस्ताचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. पुढचं सगळं शाळेत शिकलो. तीन भाऊ फासावर गेले. बाबा हे सांगताना डांबराचा भाग जास्त रंगवत, हाताने ओतल्याचा अभिनय करून. गोळीपेक्षा डांबर त्यांना आवडे असं मला वाटतं. मास्तरच ते, त्यांना फळ्याची सवय.

त्या गोष्टीचं शेपूट मात्र बाबांनी कधी सांगितलं नाही, त्यांना ते माहीत नसावं. संगमरवरात मुरलेलं डांबर निघता निघेना. शेवटी ते काढलं त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी. गज्जर म्हणजे मोठे रसायनशास्त्रज्ञ, बडोद्याच्या कलाभवनाचे संस्थापक. पुतळा बडोद्याच्या पैशाचा, आणि त्याचा डाग काढणारा हातही बडोद्यात मुरलेला. गज्जर चाकरीचे गुलाम होते, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. देशी उद्योगधंद्यांसाठी त्या माणसाने आयुष्य घातलं. त्यांना कदाचित तो पुतळा म्हणजे राणी वाटलीच नसेल. दगड, त्यावर डांबर आणि साहेबाच्या शास्त्राला न सुटलेलं एक कोडं. काळं करणाऱ्याचा हात आपला, पांढरं करणाऱ्याचाही आपला. या दोघांपैकी मी कुणाच्या बाजूची, असं स्वतःला विचारून बघितलं. एका कुशीवर झोपलं की चाफेकर, दुसऱ्या कुशीवर वळलं की गज्जर.

*

भाचीचा मुलगा सात वर्षांचा झाला तेव्हा पेंग्विन दाखवायला त्याला राणीच्या बागेत नेलं. जानेवारीतली सकाळ, ऊन कोवळं, शाळांच्या सहली आलेल्या, मुलांच्या पाठीवर एकसारख्या पिशव्या. ही बाग १८६२ची. नाव व्हिक्टोरिया गार्डन, लोकांनी केली राणीची बाग, आणि आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. पण राणीची बाग म्हटलं तरी चालतं, कारण जिजाऊंना राणी म्हणायला कुणाची हरकत? माटुंग्याच्या व्हीजेटीआयचंही तसंच, व्हिक्टोरिया ज्युबिलीचं वीरमाता जिजाबाई झालं आणि आद्याक्षरांना धक्का लागला नाही. बारसं करणारा कुणीतरी फार शहाणा कारकून असणार. असली माणसं मला आवडतात.

पेंग्विन बघून झाले. (ते गार काचेमागे उभे होते आणि कुठल्याशा बैठकीत कंटाळलेल्या साहेबांसारखे दिसत होते.) बाहेर पडून चालताना झाडांमध्ये मला तो दिसला. काळा घोडा. जवळ जाऊन पाहिलं, वर स्वार आहे. आमचा टकल्या! इथे त्याच्या डोक्यावर टोपी असल्यामुळे टक्कल दिसत नव्हतं, पण ओळख पटली. नातवाला म्हटलं, “हा बघ, आपल्या तांब्यातला.” त्याने एकदा वर बघितलं, घोड्याच्या पायाला हात लावला आणि विचारलं, “याला खायला काय देतात?”

पलीकडे भाऊ दाजी लाड संग्रहालय. पूर्वीचं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम. ज्या भाऊ दाजींचं नाव त्याला १९७५मध्ये दिलं, त्यांनीच त्याच्या उभारणीसाठी खस्ता खाल्ल्या होत्या. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे, घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला आणि फुटला. मग तुकडे इथे आणले, आणि पुढे ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. सांधे आजही दिसतात. न्यायचं होतं ते फुटलं म्हणून राहिलं.

आणि संग्रहालयाच्या आवारातच ते सगळे. १९६५मध्ये शहरातल्या पुतळ्यांची मोडतोड झाली, त्यानंतर उचलून आणलेले लाटसाहेब. चौथरे नाहीत, छत्र्या नाहीत, आपल्या उंचीच्या जवळ आलेले. त्यांच्यात कॉर्नवॉलिस आहे. अमेरिकेत यॉर्कटाउनला शरण आलेला, बंगालात कायमधारा बसवणारा, टिपूची मुलं ओलीस घेणारा. त्याचा पुतळा फोर्टात उभा केला तेव्हा मुंबईच्या लोकांनी त्याला फुलं वाहायला सुरुवात केली होती. हार घालत, नमस्कार करत, देऊळच समजत. साहेबांना ते काय करावं कळेना. हे वाचलं तेव्हा मी हसले होते. तिथे उभी असताना मात्र आजीचं अनामिकेचं बोट आठवलं आणि हसू आलं नाही. इतका मोठा दगड घडवून, एवढ्या दुरून आणून, भर चौकात उंचावर बसवला, तर आमच्या माणसांनी त्याचं दुसरं काय करायचं होतं? दगडापुढे एक तर हात जोडायचे, नाही तर धोंडा उचलायचा. नुसतं उभं राहून बघायची सवय आम्हाला नव्हती. मला तरी आहे का, कुणास ठाऊक.

राणी त्यांच्यातच बसली होती. सिंहासनावर, पण छत्राशिवाय. पावसाने आणि धुराने संगमरवर राखाडी झालेला, घड्यांमध्ये काळसर रेघा, त्या डांबराच्या की कितव्या पावसाळ्याच्या ते कसं सांगणार? आणि नाक नाही. कुणीतरी ते ठेचून काढलेलं. शूर्पणखेचं नाक जिथे कापलं त्याचं नाशिक झालं, अशा मुलखातली माणसं आपण, नाकाचा अर्थ आपल्याला वेगळा सांगायला लागत नाही. ज्याने तो घाव घातला त्याने बरोबर जागा निवडली होती. पण जवळून बघताना राणी मला अपमानित वाटली नाही. म्हातारी वाटली. आमच्या गावच्या ग्रामदेवतेच्या मागे पडवीत झिजलेल्या जुन्या मूर्ती ओळीने टेकवून ठेवतात, तशी.

तिचा आल्बर्ट तिथेच आत आहे, इमारतीत. त्याचा पुतळाही याच नोबलच्या हातचा, डेव्हिड ससून यांनी दिलेला. तो मी पूर्वी पाहिला होता. सोनेरी-हिरव्या नक्षीच्या दालनात, सावलीत, अगदी स्वच्छ. नवरा घरात आणि बायको अंगणात. मुलगा बागेत घोड्यावर. अख्खं कुटुंब एका आवारात आणून सोडलेलं, आणि तेही कुणी मुद्दाम जुळवलेलं नाही. एकमेकांना दिसत मात्र कुणीच नाही.

झाडलोट करणारी एक बाई राणीच्या सावलीला टेकली होती. पायाशी खराटा, पानांचा ढीग. मी बराच वेळ बघत उभी राहिले म्हणून तिनेच विचारलं, “फोटू काढायचाय? उठू का?”

“नको, बसा. कोण आहेत ह्या, माहितीये?”

“राणी नाय का,” ती म्हणाली. मी विचारलं याचंच तिला नवल वाटलेलं दिसलं. “बागेची राणी. जिजाबाईंच्या आधी हिचीच व्हती बाग.” मग जरा थांबून, “नाक फोडलंय बघा मेल्यांनी.”

तिच्या कपाळावर मोठं कुंकू होतं. आम्ही दोघी थोडा वेळ राणीकडे बघत राहिलो. मग नातवाला तहान लागली.

*

यंदा दिवाळीत भाची मुलासकट माझ्याकडे आली होती. आजी जाऊन चाळीस वर्षं होतील, बाबांनाही आता बरीच वर्षं झाली. पाच रुपये माझ्याकडे. मध्ये एकदा सोनाराने विचारलं होतं, चांदीचा भाव चढलाय, देता का? मी भाव ऐकून घेतला आणि रुपये पुन्हा खणात गुंडाळले. आता खणाचा तो तुकडाही विरायला आला आहे.

घासायचं काम नातवाकडे दिलं. मी शेजारी पाट मांडत होते. त्याने दंतमंजन जरा जास्तच घेतलं, पांढरी राड केली, पण हात जोरात चालवला. काळं पाणी वाटीत जमत गेलं. एकेक रुपया धुऊन तो उजेडात धरी आणि तबकात टाकी. टकल्या झाला, दोन राण्या झाल्या. तिसऱ्या राणीपाशी तो थबकला. ती सगळ्यांत जुनी, आजीच्या आईपासून चालत आलेली. तिच्यावर किती दिवाळ्या हात फिरला असेल याचा हिशेब नाही. त्याने ती डोळ्यांजवळ नेली, अंगठा फिरवला, पुन्हा नेली.

“आजी, हिचंपण नाक नाही.”

मी रुपया हातात घेऊन खिडकीशी गेले. मुकुट होता. कान होता. झग्यावरची वेल जागच्या जागी होती. चेहऱ्याची कड मात्र कपाळापासून ओठांपर्यंत एका सरळ गुळगुळीत उतारात गेलेली.

“कोणी फोडलं?” त्याने विचारलं. त्याची बोटं काळी-पांढरी झाली होती आणि दंतमंजनाचा डबा उघडाच होता.

मी रुपया तबकात ठेवला, टकल्याला उचलून पलीकडे घेतलं, आणि कोयरी त्याच्यापुढे सरकवली.